हुबळीच्या गाडीत जागा नव्हती



आपल्या जुन्या मॉनिटरनं मला बोलायला उभं केलंय आणि विषय दिलाय ‘सहलीच्या गमती’. तीस वर्षं झाली तरी तिचा हुकूम मोडायची हिंमत आपल्यापैकी कोणात नाही. पण शाळेच्या सहलींबद्दल मागच्या बाकावरची मंडळी माझ्यापेक्षा रंगवून सांगतील. मी बोलणार आहे ती न झालेल्या सहलीबद्दल. आपल्यातल्या पाच जणांना ती माहीत आहे. सहाव्या आपल्या संगीताच्या बाई, त्या इथे पहिल्या रांगेत बसल्यात. त्यांच्यासाठी मी थोडं सावकाश बोलतेय, बाकीच्यांनी चालवून घ्यावं.

शनिवारचा शेवटचा तास आठवा. चित्रकलेच्या हॉलमधलं लोखंडी कपाट, त्यातून निघणारा बाईंचा तंबोरा आणि त्याच्यावरची जुन्या नऊवारीची खोळ. तो तंबोरा शाळेचा नव्हता. नोकरी लागल्यावर दोन वर्षं पैसे साठवून बाईंनी तो मिरजेहून आणला होता. तास चाळीस मिनिटांचा. त्यातली पंधरा मिनिटं तंबोरा लावण्यात जायची, आणि आपल्याला तेवढीच हवी असायची, कारण खुंट्या पिळता पिळता बाई गोष्टी सांगायच्या. मिरज, कुंदगोळ, हुबळी, धारवाड ही नावं मी भूगोलात नाही, त्या पंधरा मिनिटांत शिकले. गाणं मला काही आलं नाही. प्रारंभिकच्या परीक्षेत भूपाची तीन मिनिटांची चीज मी सव्वा मिनिटात संपवली होती.

२०१९ च्या उन्हाळ्यात ग्रुपवर कोणीतरी सहज विचारलं, की बाईंच्या गोष्टीतली ती सगळी गावं आहेत तरी कुठे? मी नकाशा उघडला. बाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, “मिरजेच्या पुढे मी कधी गेलेच नाही गं. कुंदगोळचा वाडा एकदा बघायचा होता.” झालं. पाच जण आणि बाई, चार रात्री, पाच दिवस. सगळी आखणी माझ्याकडे आली, कारण मी सॉफ्टवेअरवाली, आणि एक्सेल शीट आम्हालाच येतं असा समाजाचा समज आहे.

ते शीट अजून माझ्याकडे आहे. पहिली ओळ ‘पंढरपूर ते मिरज’. ही गाडी आपल्या लहानपणी नॅरोगेज होती. चालत्या गाडीतून उतरून परत चढता येतं, अशी पैज लावणारे दोघे आत्ता या सभागृहात आहेत आणि दोघेही आता शिक्षक आहेत. मिरज जंक्शनवर त्या काळी नॅरोगेज, मीटरगेज, ब्रॉडगेज अशा तिन्ही रुंदीच्या गाड्या यायच्या. माझी आखणी सुरू झाली ती इथेच, कारण नकाशावर एक गोष्ट दिसली आणि मी त्या रात्री झोपले नाही. बाईंच्या गोष्टीतली गावं विखुरलेली नव्हतीच. मिरजेहून बेळगाव, लोंढा, धारवाड, हुबळी करत जी रेल्वे खाली बंगळुराकडे जाते, तिच्यावर ती ओळीनं बसली होती. बेळगावच्या अलीकडे सुळेभावी नावाचं लहानसं स्टेशन आहे, त्या गावी १९२४ मध्ये कुमार गंधर्व जन्मले. हुबळीच्या पुढे वीसेक किलोमीटरवर कुंदगोळ. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहायचे आणि म्हैसूरच्या दरबारात गायला जायचे. जाता-येता कुंदगोळच्या नाडगीर वाड्यात त्यांचा मुक्काम पडायचा. त्या वाड्यावर त्यांचं गाणं ऐकणारा एक मुलगा त्यांचा शिष्य झाला, ते रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व. पुण्याचा जो महोत्सव आपण टीव्हीवर बघतो त्याचं मूळ असं रेल्वेच्या एका मुक्कामात आहे. थेट उत्तर भारतातलं गाणं कन्नड मुलखात कसं रुजलं, याची कारणं जाणकार लोक पुष्कळ देतील. दरबार होते, नाटक कंपन्या होत्या. पण मला विचाराल तर मी आधी रेल्वेचं वेळापत्रक दाखवीन.

गंगूबाई हनगल तर या गाडीच्या नेहमीच्या उतारू. हुबळीहून संध्याकाळच्या गाडीनं कुंदगोळला जायचं, गुरूकडे शिकायचं, रात्रीच्या गाडीनं परत. वर्षानुवर्षं. भीमसेन जोशी अकरा वर्षांचे असताना घरातून पळाले, तेही गाडीनं आणि बिनतिकीट, गाणं म्हणून दाखवत. पळण्याआधी त्यांच्या कानावर खाँसाहेबांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची रेकॉर्ड पडली होती. उत्तरेत गुरू शोधत भटकून शेवटी गुरू सापडला तो घराजवळ, याच कुंदगोळात. तिथे त्यांनी वाड्यावर पाणी भरलं, ही बाईंची आवडती गोष्ट, आणि ती आपल्याला हॉल झाडायला लावायच्या आधी हमखास निघायची. खुद्द खाँसाहेब १९३७ मध्ये गेले तेही प्रवासातच. मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते, वाटेत बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमाळ कोविल नावाच्या स्टेशनवर उतरले आणि तिथल्या फलाटावर त्यांनी प्राण सोडला. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. आमच्या शीटमध्ये पहिल्या दिवशी दुपारी चार ते पाच दर्गा, पाच ते सात सतारमेकर गल्ली.

सतारमेकर गल्लीला दोन तास का, तर आपला गुळाच्या वखारीवाला मित्र हट्टाला पेटला होता. त्याच्या मामांची शेती भीमेकाठी आहे आणि ते लावतात तो भोपळा खाण्याचा नाही, कडू. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे हे भोपळे वाळवून मिरजेला जातात आणि त्यांचे तंबोरे होतात. मामांनी आयुष्यभर भोपळे विकले, वाजताना एकही ऐकला नाही. मिरजेतले हे कारागीर मुळात शिकलगार, तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेबांनी पहिल्यांदा तंतुवाद्यं दुरुस्त केली, मग बनवली, आणि गल्लीच वसली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा आपल्या ग्रुपवर वखारवाल्यानं लिहिलं, “भोपळ्याला कधी?”

दुसरा दिवस कोल्हापूर. अल्लादिया खाँसाहेबांचा पुतळा, १८८३ पासूनचा देवल क्लब, आणि केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ चं. मग रात्रीची हुबळी, कुंदगोळ, आणि शेवटी धारवाडात मल्लिकार्जुन मन्सूरांचं ‘मृत्युंजय’ हे घर. मन्सूर आधी मिरजेत नीलकंठबुवांकडे शिकले आणि पुढे अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडे, म्हणून कोल्हापूर वगळायचं नाही असा बाईंचा आग्रह. वेळ उरला तर पेढे. वेळ नाही उरला तरी पेढे, असं शीटमध्ये लाल अक्षरात आहे, ते मॉनिटरनं घातलंय.

निघायची तारीख होती २० डिसेंबर २०१९.

आता जे सांगतेय ते मी आपल्या ग्रुपवर कधी लिहिलं नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या ऑफिसात एका रिलीजची तारीख पुढे आली. मला कोणी सुट्टी नाकारली नव्हती. मी मागितलीच नाही. मीच हवी, माझ्याशिवाय ते व्हायचं नाही, असं मला वाटत होतं. आणि तुम्हाला सरळ ‘मला काम आहे’ म्हणायची लाज वाटली म्हणून मी ग्रुपवर लिहिलं, ‘हुबळीच्या गाडीत जागा नाही, वेटिंग लांब आहे, मार्चमध्ये जाऊ.’ तुम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवले. बाईंनी फोनवर फक्त “बरं” म्हटलं. ज्या फीचरसाठी मी थांबले ते पुढच्याच वर्षी काढून टाकलं. ते कोणी वापरत नव्हतं.

मार्चची तारीख होती १९. तिचं काय झालं ते सांगायला नको. सोळा तारखेला आपण रद्द करायचं ठरवलं, बावीसला देशातल्या सगळ्या प्रवासी गाड्या थांबल्या. ग्रुपवर आपण म्हणालो, कोरोनामुळे सहल हुकली. पाच वर्षं आपण तसंच म्हणतोय. मीही म्हणत होते.

मग ज्याचं त्याचं आयुष्य सुरू झालं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, आठ तारखेच्या रात्री, फोनवर केशवराव भोसले नाट्यगृह जळतानाचे व्हिडिओ आले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आता ते पुन्हा बांधतायत, चांगलं बांधतीलही. पण आमच्या शीटमधली ती ओळ, ‘दुसरा दिवस, सकाळी अकरा, बाईंना रंगमंचावर उभं करून फोटो’, ती १९१५ च्या रंगमंचासाठी होती. डिसेंबरात गेलो असतो तर तो फोटो आज आपल्या स्मरणिकेत असता.

त्याच दिवाळीत मी बाईंकडे गेले. दार उघडलं, बाई हसल्या, आणि मला कळलं की मी बोलतेय ते त्यांना अर्धंच ऐकू येतंय. कानातलं मशीन घेऊन वर्ष झालं होतं. तंबोरा कोपऱ्यात, खोळीत. मी म्हटलं, “बाई, लावता का?” त्या म्हणाल्या, “लावून काय करू? बोललेलं कळतं गं मशीननं, तंबोरा नाही कळत. पहिल्यांदा छेडला की येतो, मग विरत जातो. पाण्यात बुडाल्यासारखा.”

ते वाक्य घेऊन मी पुण्याला परतले. यात थोडं तांत्रिक आहे, सहन करा, कारण माझ्या आयुष्यातलं एवढंच शिक्षण या विषयात उपयोगी पडलं. हे मशीन माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं असतं. बोलणं सारखं बदलतं, शब्द येतो, थांबतो, पुन्हा येतो. पंख्याची घरघर बदलत नाही. म्हणून जो आवाज एकसारखा चालू राहतो त्याला मशीन गोंगाट समजतं आणि दाबतं. शिवाय मशीनला स्वतःची शिट्टी वाजायची भीती असते, त्यामुळे लांबलेला, स्थिर, शुद्ध सूर आला की ते त्याला शिट्टी समजून कापायला धावतं. आता सांगा, न बदलता चालू राहणारा, लांबलेला, स्थिर सूर म्हणजे दुसरं काय? बाईंच्या कानात आमच्याच बिरादरीतल्या कोणीतरी लिहिलेला कोड बसला होता आणि तो नेमका तंबोराच पुसून टाकत होता. त्यानं चूक काहीच केली नव्हती. त्याला तंबोरा कोणी सांगितलाच नव्हता.

बऱ्याच मशीनमध्ये संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम ठेवता येतो. त्यात गोंगाट दाबणं बंद असतं आणि शिट्टी रोखणारा भाग सौम्य असतो. बाईंच्या मशीनमध्येही तो होता, चालूच केलेला नव्हता. दोन शनिवार मी बाईंना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि त्यांच्याकडून तो लावून घेतला. गेलेलं ऐकू येणं त्यानं परत आलेलं नाही, ते स्पष्ट सांगते. वरचे आवाज गेलेत ते गेलेत.

गेल्या महिन्यात हे भाषण लिहिलं आणि उभं राहायच्या आधी बाईंना वाचायला दिलं. खोटं बोलल्याचं त्यांना सगळ्यांसमोर कळू नये म्हणून. बाईंनी लाल पेन घेतलं. तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, “मला माहीत होतं. तुझा निरोप आल्यावर मी इथल्या स्टेशनवर जाऊन विचारलं होतं. हुबळीच्या गाडीत जागा होती.”

मी काय बोलणार? विचारलं, “मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“तू नोकरी करतेस, मीही केली,” एवढंच म्हणाल्या, आणि तंबोऱ्याची खोळ काढायला सांगितली. मशीनचा प्रोग्रॅम बदलला. तारा लावायला पंधरा नाही, पाऊण तास लागला. मध्ये दोनदा मशीननं शिट्टी मारली. मग डोळे मिटून पाचेक मिनिटं छेडत राहिल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, येतंय की बुडतंय ते कळेना. शेवटी त्यांनी घोडीवर बोट ठेवलं.

“जवारी बसलीय याची,” म्हणाल्या. “खर्जाची तार नुसती ठणठणतेय. याला मिरजेला न्यायला पाहिजे.”

तर मंडळी, पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी सकाळच्या गाडीनं तंबोरा मिरजेला जातोय. जवारी काढून मिळायला एक दिवस लागेल, तेवढ्यात कुंदगोळ होतं का ते बघतेय. तिकिटं यावेळी मॉनिटरच्या हातात दिलीत. बाई, मी, वखारवाला आणि तंबोरा, एवढे नक्की. दोन जागा शिल्लक आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी जेवणाआधी तिच्याकडे नाव द्यावं, आणि तंबोरा मांडीवर घेऊन बसायची तयारी ठेवावी, तो वरच्या बर्थवर ठेवायचा नाही असं बाईंनी बजावलंय.