नोंदवहीत नसलेली बाजू

(सात रस्ता येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



गुन्हेगारीवर अभ्यास करायचा तर पुस्तकं आणि आकडे कुठे मिळतात, असं मला पुष्कळ जण विचारतात. आज सात रस्त्यावर आलोय, तर आपल्याच गावापासून सांगतो.

सोलापूरचं सेटलमेंट तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पुढे त्यातली अनेक कुटुंबं इथे तारेच्या कुंपणात ठेवली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती देशभर विमुक्त झाल्या.

अभ्यासासाठी मी आधी १८८४ चं सोलापूर गॅझेटिअर काढलं, मग पोलीस अधिकारी केनेडी यांचं गुन्हेगार जमातींवरचं १९०८ चं पुस्तक. वाचताना सगळं पुराव्यासारखं वाटतं. पण लिहिणारे सरकारी अधिकारी. ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांचं म्हणणं त्यात नाही. ते मला लक्ष्मण गायकवाडांच्या १९८७ च्या ‘उचल्या’त सापडलं. म्हणून ग्रंथालयात गुन्हेशास्त्राच्या कपाटापाशीच थांबू नका, आत्मकथनांचं कपाटही उघडा.

आजच्या आकड्यांचंही तसंच आहे. ‘क्राइम इन इंडिया’ हा सरकारी अहवाल १९५३ पासूनचा. आता तो एनसीआरबी काढते. त्यात पोलिसांनी नोंदवलेलेच गुन्हे येतात. एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तरी त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच मोजतात. आकडा वाढला म्हणजे गुन्हे वाढलेच असं नाही. कदाचित लोक तक्रार द्यायला धजावले असतील.

आता एक नोंद माझी. सातवीत एकाचं पेन हरवलं. सरांनी सेटलमेंटमधून येणाऱ्या मुलाचं दप्तर सगळ्यांसमोर रिकामं केलं. काही सापडलं नाही, तरी वर्षभर आपण त्याच्या शेजारी बसलो नाही. ते पेन चुकून माझ्याच कंपासपेटीत आलं होतं. घरी गेल्यावर दिसलं. मी गप्प राहिलो.

त्या दिवशी वर्गाने जे मनात लिहून ठेवलं, ते खोटं होतं, आणि ते खोडणं फक्त माझ्या हातात होतं. तो मित्र आज समोर बसला आहे. मित्रा, सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो. हे भाषण स्मरणिकेत छापाल तेव्हा एवढा भाग गाळू नका. कुठेतरी त्याची लेखी नोंद राहू द्या.