जबानी आणि फैसला



ज्या वरणगावच्या आयुध निर्माणीतले काडतूस परीक्षेला उतरल्यावाचून पेटीत जात नाही, त्या गावी वैद्यकाच्या सभेत उभे राहून, ‘आमच्या रुग्णाला बरे वाटले’ एवढ्या एका वाक्याच्या बळावर कोणत्याही उपचाराची शिफारस करणे मला तरी अप्रशस्त वाटते. म्हणूनच आजचा विषय मी जाणूनबुजून वादाचा निवडला आहे. आतड्यांचा दीर्घकालीन दाह आणि त्यावर चिनी वैद्यांनी योजिलेली सुई (ॲक्युपंक्चर) व मोक्साची, म्हणजे वाळल्या पानांच्या जळत्या शंकूची, धग, यांविषयी जे संशोधन आजवर झाले, त्याची आपण आज थोडी झडती घेऊ.

या दाहाची दोन रूपे आपणांस ठाऊक आहेत. एकात मोठ्या आतड्याचे अस्तर सोलवटून शौचावाटे रक्त व शेम जाते, तो अल्सरेटिव्ह कोलायटिस. दुसऱ्यात आतड्याच्या भिंतीच्या साऱ्या थरांत, बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाशी, सूज शिरते, तो न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली वर्णिलेला क्रोनचा रोग. आपल्याकडे पहिला रोग मूळव्याधीच्या नावाखाली वर्षानुवर्षे दडून राहतो, आणि दुसऱ्याचे सोंग आतड्याचा क्षय इतके बेमालूम वठवितो की भले भले निष्णातही फसतात. केळीच्या बागेत राबणारा तिशीतला एक गृहस्थ मूळव्याधीची औषधे दोन वर्षे घेऊन अखेर माझ्याकडे आला, तेव्हा त्याने प्रथम जे दुःख सांगितले ते रक्ताचे नव्हते. मार्गशीर्षात सारे भाऊबंद मळ्यात काट्याकुट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजीत असता आपण मात्र दहीभाताचा डबा घेऊन बांधावर बसतो, हे त्याला अधिक लागले होते.

अशा रुग्णाला कोणी ‘सुया टोचून घे, बरा होशील’ असे सांगितले, तर तो का जाणार नाही? आणि गेल्यावर त्याला बरे वाटले, तर तो खोटे का बोलेल? अडचण त्याच्या सचोटीची नाही. ती रोगाच्या स्वभावाची आहे. हा रोग तापीच्या पुरासारखा चढतो आणि पुष्कळदा आपोआप ओसरतो. मनुष्य उपचाराला धावतो तो पूर ऐन चढलेला असताना, आणि पाणी उतरले की त्याचे श्रेय त्या घटकेस जो काठावर उभा असेल त्याच्या पदरी पडते. रुग्णाचे ‘बरे वाटले’ ही जबानी होय. ती आदराने ऐकावी, शब्दशः लिहून घ्यावी. परंतु जबानी म्हणजे फैसला नव्हे.

या सुईशी मराठी मुलखाचा जो ऋणानुबंध आहे, त्याचा उल्लेख येथे केला पाहिजे. १९३८ च्या सप्टेंबरात राष्ट्रसभेने युद्धग्रस्त चीनला जे पाच डॉक्टर मुंबईहून धाडले, त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर असे दोघे मराठी होते. कोटणीस १९४२ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले, आणि पुढे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने त्यांचे नाव घरोघर पोहोचले. सुई मात्र भारतात आणली ती त्याच पथकातल्या बसू या बंगाली डॉक्टरांनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ती विद्या शिकले आणि कलकत्त्यास येऊन तिचा प्रसार करू लागले. तरीही लुधियान्यातल्या ॲक्युपंक्चरच्या रुग्णालयाला नाव आहे ते कोटणिसांचे. जन्मभर शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या नावे सुईचे रुग्णालय असावे, ही कीर्तीची एक मौज! आपल्या राज्याच्या विधिमंडळानेही २०१५ च्या अधिनियमाने या पद्धतीला मान्यता दिली. ती चांगलीच गोष्ट झाली, कारण त्यामुळे भोंदूंना थोडा तरी पायबंद बसेल; पण कायद्याची मान्यता ही व्यवसायाची सनद आहे, उपचार गुणकारी असल्याचा दाखला नाही, हे जाहिराती देणाऱ्यांनी विसरू नये.

मोक्साविषयी थोडे अधिक बोलतो, कारण ती आपल्याला वाटते तितकी परकी नाही. चैत्रात जोतिबाला जो दवणा आपण वाहतो, त्याच आर्टेमिसिया प्रजातीतल्या एका झुडपाची वाळलेली पाने कुटून, कापसासारखी मऊ लोकर करून, तिचे शंकू वळतात. पोटावर औषधी चूर्णाची चकती ठेवून तिच्यावर हा शंकू पेटवितात. कातडी तांबूस व्हावी, पोळू नये, एवढीच धग आत जाऊ द्यावयाची. आपल्या सुश्रुतानेही अग्निकर्मास स्वतंत्र अध्याय दिला आहे. परंतु शेजारच्या मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या मुलाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचा जो ‘डंबा’ देतात, त्याला उद्या कोणी मोक्साचा भाऊबंद ठरवून प्रतिष्ठा देऊ पाहील, तर त्याला या सभेने ठणकावून नाही म्हणावे. याच प्रजातीतल्या दुसऱ्या एका वनस्पतीपासून हिवतापावरचे औषध काढणाऱ्या चिनी संशोधिका तू यूयू यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या ग्रंथाने त्यांना वाट दाखविली खरी. तथापि तो मान ग्रंथाच्या प्राचीनतेला मिळाला नाही. अर्क वेगळा करून, प्राण्यांवर आणि मग माणसांवर पारखून घेतला, म्हणून मिळाला.

आता पुराव्याकडे वळू. जर्मनीत २००४ साली क्रोनच्या ५१ रुग्णांवर झालेला प्रयोग पुष्कळांना ठाऊक आहे. काहींना चिनी शास्त्रातील ठरीव बिंदूंवर सुया व मोक्सा, इतरांना बिंदू नसलेल्या जागी वरवर टोचलेल्या सुया. चार आठवड्यांत दहा बैठका. रोगाच्या तीव्रतेचा गुणांक खऱ्या सुईच्या गटात २५० वरून १६३ वर आला, खोट्या सुईच्या गटात २२० वरून १८१ वर. वरकरणी निकाल सुईच्या बाजूने लागला. पण कोणताही कुलकर्णी जमाखर्च तपासताना आरंभीची शिल्लक आधी पाहतो, तशी आपणही ती पाहू. ज्या गटाची घसरण मोठी दिसते तो मुळातच अधिक आजारी होता, आणि जो उंचावर उभा असतो त्याला उतरायला वाव अधिक असतो. शिवाय १५० च्या खाली गुणांक गेल्याशिवाय रोग शमला असे मानीत नाहीत. दोन्ही गटांची सरासरी त्या रेषेच्या वरच राहिली. आणि मला सर्वांत बोलकी वाटते ती खोटी सुई : तिनेही गुणांक खाली आणलाच! दोन वर्षांनी कोलायटिसच्या २९ रुग्णांवर केलेल्या प्रयोगातही हाच प्रकार दिसला, फरक अगदी निसटता.

शांघायच्या संशोधकांनी मात्र चिकाटी सोडली नाही. त्यांचा २०२२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग औषधांना न बधलेल्या क्रोनच्या ६६ रुग्णांवर झाला. आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे. खऱ्या उपचाराच्या गटात खोट्या गटापेक्षा बऱ्याच अधिक जणांचा रोग शमला. हा पुरावा मी तुच्छ मानीत नाही. तरी सुई टोचणाऱ्याला आपण खरी टोचतो की खोटी, हे कळतेच. आणि छत्तीस वेळा भुसावळची बस धरणे वरणगावच्या मजुराला किती दिवसांची मजुरी बुडवून परवडेल, हा हिशेब शांघायच्या तक्त्यात नाही.

सुईने शरीरात घडते तरी काय, याचे उत्तर थोडेसे उंदरांनी दिले आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखविले की मागच्या पायातील गुडघ्याखालच्या एका बिंदूवर मंद विद्युत्प्रवाह सोडला असता तेथल्या खोल आवरणातील विशिष्ट मज्जातंतूंवाटे संदेश व्हेगस मज्जातंतूकडे जातो आणि अधिवृक्क ग्रंथी दाह आवरणारी द्रव्ये सोडतात. पोटावरच्या बिंदूने तसे घडले नाही, आणि ते तंतू नाहीसे केल्यावर पायाच्या बिंदूचा गुणही गेला. म्हणजे जागेला काही अर्थ आहे. परंतु उंदराच्या शरीरातली अल्पकाळची जंतुविषबाधा कोठे आणि मनुष्याच्या आतड्यातला वीस वर्षांचा दाह कोठे! या दोहोंमधले अंतर कल्पनेने भरून काढण्याची घाई आपल्यातल्या काहींना फार असते.

माझा स्वतःचा अभिप्राय विचाराल तर तो असा : निदान पक्के झाले, क्षय वगळला गेला, चालू औषधे चालूच राहिली आणि सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या असल्या, तर सुई व मोक्सा जोडउपचार म्हणून मागणाऱ्या रुग्णाला मी अडवणार नाही. औषधाच्या जागी मात्र ती येता कामा नये. माझ्या माहितीतल्या एका बाईंनी सुयांनी बरे वाटते म्हणून कोणा एकाच्या सल्ल्याने स्टिरॉइड एका दिवसात बंद केले. दहाव्या दिवशी त्यांना रक्त चढवावे लागले.

आता एक विनंती. ज्या गुणांकाचा मी उल्लेख केला, त्याचा मोठा भाग रुग्णाने सात दिवस घरी लिहिलेल्या नोंदींवर उभा असतो : शौचाची संख्या, पोटदुखी, एकंदर प्रकृती. त्याला यंत्र लागत नाही, दहा रुपयांची वही लागते. आपल्यापैकी जे सुई टोचतात आणि जे टोचीत नाहीत, त्या दोघांनीही आतड्याच्या दाहाच्या प्रत्येक रुग्णाचा असा रोजनामा ठेवावा. त्यात रक्त, वजन, हिमोग्लोबिन आणि चालू औषधे तारीखवार मांडावीत, आणि जो रुग्ण उपचार सोडून गेला त्याचे पान फाडून टाकू नये. पुढल्या वर्षी ही सभा खानदेशात जेथे भरेल तेथे त्या वह्या घेऊन या. माझी मी आणीन.