बेदाणा: निवडायचा कसा, जपायचा कसा आणि त्याचं मोल मांडायचं कसं

द्राक्ष हे नाजूक फळ. वेलीवरून उतरलं की फार दिवस थांबत नाही. म्हणून माणसानं ते टिकवायच्या वाटा शोधल्या. नाशिककडे काही द्राक्षांची वाईन होते. आपल्या तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, जत, पंढरपूर या भागांत बेदाणा होतो. वाईन कशी पारखावी, कशी ठेवावी, पाहुण्यापुढे कशी ठेवावी, यावर लोक तासन् तास बोलतात. बेदाण्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. आणि तो निवडणारे हात तर आपलेच, बायांचे. म्हणून आज बेदाण्यावर बोलू.

बऱ्याच गटांतून एकच विचारणा येते: "शेडवरून बेदाणा घेऊन ठेवला आणि दिवाळीत विकला, तर गटाला परवडेल का?" उत्तर शेवटी देऊ. पण आधी माल ओळखता आला पाहिजे आणि सांभाळता आला पाहिजे.

बेदाणा म्हणजे बे-दाणा, बिनबियांचा. थॉमसन, सोनाका, माणिक चमन अशा बिनबियांच्या द्राक्षांपासून तो करतात. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवले की तो थर सुटतो आणि आतलं पाणी लवकर उडतं. मग सावलीच्या शेडमध्ये जाळीवर साधारण १२ ते १५ दिवसांत माल वाळतो. साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो. म्हणजे मूठभर बेदाण्यात चार मुठी द्राक्षं असतात, हे ध्यानात ठेवा.

आता निवड. पहिली गोष्ट, नुसत्या रंगावर भुलू नका. सावलीत नीट वाळलेला माल हिरवट राहतो. गंधकाची धुरी दिली की पिवळा, सोनेरी होतो. ऊन लागलं किंवा उष्णतेत राहिला की तपकिरी पडतो. रंगावर बाजारात भाव ठरतो हे खरं, पण गोडी रंगात नसते. तपकिरी बेदाणा खायला गोड असू शकतो आणि लख्ख पिवळा बेचव निघू शकतो.

दुसरी गोष्ट, मुठीची परीक्षा. मूठभर बेदाणा घट्ट दाबा आणि मूठ उघडा. दाणे आपोआप सुटे झाले तर माल बरोबर वाळलाय. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, तो टिकणार नाही. खड्यासारखा खुळखुळ वाजला तर जास्त वाळलाय. चांगल्या बेदाण्यात ओलावा १४ ते १६ टक्के असतो. यंत्र नसलं तरी सवयीनं हाताला ते कळतं.

तिसरी गोष्ट, सुरकुती. बारीक सुरकुत्या आणि भरलेला दाणा म्हणजे द्राक्ष पिकून साखर भरल्यावर तोडलं होतं. चपटा, पोकळ, जाड सालीचा दाणा म्हणजे घाईनं तोडलेला माल.

चौथी गोष्ट, वास. आंबूस वास आला तर माल आंबायला लागलाय. काडेपेटीच्या गुलासारखा नाकाला झोंबला तर धुरी जास्त झालीय. दम्याचा त्रास असलेल्या माणसाला असा बेदाणा बाधू शकतो, तो घरातही आणू नका.

पाचवी गोष्ट, पेटी वरून पाहून घेऊ नका. वरून, मधून आणि तळातून असा तीन ठिकाणचा नमुना काढा. दोन-चार दाणे चावून पाहा. दाताखाली कचकच आली किंवा काड्या जास्त दिसल्या तर भाव करताना तसं स्पष्ट बोला. ज्या बाया दिवसभर प्रतवारी करतात, त्यांच्याइतकी नजर दुसऱ्या कुणाची तयार नसते. खरेदीला जाताना अशा दोघी-तिघींना पुढे करा, पुरुषमंडळींनी भाव ठरवायची वाट बघू नका.

आता साठवण. बेदाण्याचे वैरी चार: ओल, उष्णता, उजेड आणि कीड. घरातला एक-दोन किलो माल कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. चुलीजवळ नको, मसाल्याच्या आणि लसणीच्या शेजारी नको, तो वास लगेच धरतो. ओला हात डब्यात घालायचा नाही, हे मुलांनाही सांगून ठेवा. पावसाळ्यात फ्रिज असेल तर त्यात ठेवलेला बरा.

विक्रीचा माल मात्र घरात साठवू नका. पावसाळी हवेत तो काळवंडतो, चिकट होतो, जाळी धरणारी अळी पडते. त्यासाठी कोल्ड स्टोरेजच हवं. तिथून पेटी आणल्यावर एक काळजी घ्या. पेटी गार असते, लगेच फोडली की बाहेरच्या हवेतली वाफ दाण्यांवर बसून माल ओला होतो. पेटी बंदच ठेवा, घरच्या हवेइतकी कोमट होऊ द्या, मगच उघडा.

कधी दाण्यांवर पांढरं दिसतं आणि बाया घाबरून सगळा डबा फेकतात. तसं करू नका. तो दाणा कोमट पाण्यात टाका. पांढरं खडबडीत असून पाण्यात विरघळलं, तर ती बेदाण्याचीच साखर बाहेर आलेली असते, खायला हरकत नाही. पण पांढरं किंवा हिरवट केसाळ असेल, कुबट वास असेल, तर ती बुरशी. तो माल जनावरांनाही घालू नका.

वाढायचं कसं? आधी कोमट पाण्यानं दोनदा धुवा. शिऱ्यात, खिरीत, रव्याच्या लाडवात घालायचा तर तुपात टाकल्यावर फुगला की लगेच काढा, क्षणभर जास्त राहिला तर कडू होतो. पुलावाला किंवा दुधाला घालायचा तर तासभर भिजवा. लहान बाळांना अख्खा दाणा देऊ नका, घशात अडकतो, बारीक चिरून द्या. खाल्ल्यावर चूळ भरायला लावा, कारण तो दाताला चिकटतो. साखरेचा आजार असलेल्यांनी जपून खावा, बेदाण्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखरच असते.

आणि रक्त कमी असलेल्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट. "बेदाणे खा, रक्त वाढेल," असं आपल्याला सारखं सांगितलं जातं. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. मूठभर बेदाण्यातून त्यातला फार थोडा भाग मिळतो. बेदाणा जरूर खा, पण आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या त्यासाठी बंद करू नका. आणि खाताना चांगला दाणा खा. निवडताना बाजूला पडलेला चुरा घरच्या बाईनं खायचा आणि चांगला पाहुण्यांना, ही रीत आता सोडायला हवी.

आता गटाच्या हिशोबाकडे येऊ. वही-पेन जवळ घ्या. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, भाव दर वर्षी बदलतात, तुम्ही तुमचे घाला.

समजा, गटानं एप्रिलमध्ये १५ किलोच्या १४ पेट्या घेतल्या. म्हणजे २१० किलो. भाव १५० रुपये किलो, रक्कम ३१,५०० रुपये. गटाचं व्याज महिन्याला १ टक्का, सहा महिन्यांचे १,८९० रुपये. कोल्ड स्टोरेजचं भाडं किलोला महिन्याला १ रुपया धरलं तर १,२६० रुपये. ने-आण १,२०० रुपये. निवडताना काडी-कचरा १० किलो गेला, उरला २०० किलो. त्याच्या पाव किलोच्या ८०० पिशव्या. पिशवी आणि लेबल मिळून ४ रुपये, म्हणजे ३,२०० रुपये. निवडायला आणि भरायला चौघींचे दोन दिवस, ३०० रुपये हजेरीनं २,४०० रुपये.

एकूण खर्च ४१,४५० रुपये. किलोला पडले २०७ रुपये २५ पैसे.

आता बघा. "दीडशेला घेतला, दोनशेला विकला, किलोमागं ५० रुपये सुटले," असं तोंडी हिशोबात वाटतं. प्रत्यक्षात २०० रुपयांनी ४०,००० रुपये आले, म्हणजे १,४५० रुपयांचा तोटा. आपली हजेरी धरली नाही, तर मात्र वहीत ९५० रुपये नफा दिसतो. हा नफा कुठून आला? आपल्याच चौघींनी फुकट केलेल्या कामातून. शेडवर दुसऱ्याकडे गेलो तर हजेरी मागतो आणि स्वतःच्या गटात मात्र "घरचंच काम आहे" म्हणून सोडून देतो. असं चालवलं तर दोन वर्षांत बाया कंटाळतात आणि गट मोडतो.

तोच माल पाव किलोची पिशवी ६० रुपयांना विकली तर ४८,००० रुपये येतात. खर्च आणि हजेरी जाऊन ६,५५० रुपये उरतात. तेव्हा उत्तर असं: परवडतं, पण माल पारखून घेतला, नीट ठेवला, हजेरी धरून भाव ठरवला आणि सुटी विक्री स्वतः केली तरच. गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, महाग सांगताय," तर पिशवी हातात द्या, मुठीची परीक्षा करून दाखवा, काडी दिसते का विचारा. आपण माल निवडून देतो, त्याचे ते पैसे आहेत.

पहिल्या वर्षी १४ पेट्या घेऊ नका. दोन पेट्यांपासून सुरुवात करा. गणपतीला थोडा विका, दिवाळीसाठी शाळेत, पतपेढीत, माहेरच्या गावी आधीच नावं लिहून घ्या. अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या. पिशवीवर गटाचं नाव-पत्ता, वजन, भरल्याची तारीख आणि नोंदणी क्रमांक लिहा. धुरीचा माल असेल तर तेही लिहा.

येत्या मासिक बैठकीत एक काम करा. प्रत्येकीनं घरातला मूठभर बेदाणा आणायचा, सगळ्यांनी तो दाबून, हुंगून, चावून पाहायचा. आणि वहीत खर्चाचं पान आखताना "आपली हजेरी" हा रकाना पहिल्यांदा आखायचा. बाकीचे रकाने त्याच्या खाली.