समुद्राचे दोहन हवे, शोषण नको

(एका कुटुंब मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)



श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यातून वाजतगाजत निघालेली मिरवणूक किनाऱ्यावर पोहोचते, सोन्याचा नारळ दर्याला अर्पण होतो आणि नव्या हंगामाला प्रारंभ होतो. या सणाला जितके श्रद्धेचे, तितकेच शहाणपणाचे अधिष्ठान आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि नेमक्या याच काळात अनेक जातींचे मासे अंडी घालतात. त्या दिवसांत होड्या शाकारून किनाऱ्यावर ठेवायच्या, जाळी विणायची, दुरुस्त करायची, आणि घराघरांतून आगोटीची बेगमी म्हणून साठवलेले सुके बोंबील, सोडे, जवळा यांवर दिवस काढायचे, ही आपल्या किनाऱ्याची जुनी रीत. दर्याला देव मानणाऱ्या समाजाने त्याला विश्रांतीही दिली होती.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईत चार व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. त्या विचारपरंपरेत निसर्गाशी माणसाचे नाते सांगताना ‘दोहन’ आणि ‘शोषण’ असा भेद केला जातो. गाईची धार काढताना वासराच्या वाट्याचे दूध राखणे हे दोहन. वासराला उपाशी ठेवून शेवटचा थेंब ओढणे हे शोषण. आज आपल्या समुद्रात यांपैकी काय चालले आहे, हा प्रश्न आहे.

पापलेटचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये त्याला राज्य माशाचा मान दिला. परंतु बाजारात एक फेरफटका मारला तर तळहातात मावणारी पापलेटची पिले वाट्यावर विकली जाताना दिसतात. या पिलांनी एकदाही अंडी घातलेली नसतात. ती वाढू दिली असती तर त्यांचे वजन अनेक पटींनी वाढले असते, कोळ्याला भाव मिळाला असता आणि पुढची पिढीही समुद्रात राहिली असती. म्हणूनच पापलेटसाठी ख्यात असलेल्या सातपाटीच्या मच्छीमारांनीच लहान पापलेट पकडण्याविरुद्ध आवाज उठविला आहे. ज्यांचे पोट समुद्रावर आहे, त्यांना हे संकट आधी कळले.

कायदा नाही, असे नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. २०२१ मध्ये त्यातील दंड कठोर करण्यात आले. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. पर्ससीन जाळ्यांवर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने क्षेत्राचे आणि महिन्यांचे निर्बंध आले. प्रखर एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यास केंद्राने २०१७ मध्ये मनाई केली. २०२३ मध्ये राज्याने पन्नासहून अधिक जातींसाठी किमान आकारमान ठरवून दिले. पण सातशे किलोमीटरहून लांब किनाऱ्यावर प्रत्येक होडीमागे गस्ती नौका ठेवता येत नाही.

आणि सारा दोष कोळी बांधवाच्या माथी मारणे हा अन्याय होईल. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार, बोटीचे कर्ज हे सारे डोक्यावर घेऊन तो समुद्रात जातो. शेजारची यांत्रिक नौका सारे ओरबाडून नेत असताना त्याने एकट्याने संयम पाळावा, असे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? जाळ्याचा आस बारीक होतो, कारण बारीक मासळीलाही गिऱ्हाईक असते. ते गिऱ्हाईक कधी मासळीचे पीठ करणारा कारखाना असतो, तर कधी आपणच असतो. आपल्या पिशवीपाशी हा विषय येऊन थांबतो.

मग कुटुंबाने काय करावे? पहिली गोष्ट, पापलेट आणि सुरमईची पिले स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. न घेण्याचे कारणही विक्रेतीला सांगावे. ते बंदरापर्यंत पोहोचते. दुसरी, पाहुणे आले की पापलेटच हवे, हा हट्ट सोडावा. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील हे आपल्या किनाऱ्याचे अन्न आहे आणि ते कमी प्रतीचे नाही. तिसरी, बंदीच्या दिवसांत ताज्या मासळीचा आग्रह धरू नये; आजीच्या हातची सुक्या बोंबलाची चटणी त्यासाठीच होती. चौथी, ओळखीच्या कोळणीकडून घ्यावे, मासळी कुठली, कशी पकडली हे विचारावे आणि मोठ्या माशाचा रास्त भाव घासाघीस न करता द्यावा. संयमाची किंमत एकट्या कोळ्याने का मोजावी?

हे घडू शकते, याचा दाखला कोकणातच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावात पूर्वी कासवांची अंडी पळविली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांना सोबत घेऊन त्यांचे रक्षण सुरू केले. आज तेच गावकरी पिलांना समुद्रात सोडतात आणि ते पाहायला आलेल्या पाहुण्यांची आपल्या घरी सोय करतात. तिथे आधी गावाचे मन वळले.

येत्या नारळी पौर्णिमेला किनाऱ्यालगतच्या प्रत्येक शाखेने जवळच्या कोळीवाड्यात जावे, कोळी बांधवांसोबत नारळ अर्पण करावा आणि त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे. शहरातल्या कुटुंबांनी त्या दिवशी एकच निश्चय करावा, की वासराच्या वाट्याचे आपल्या ताटात येणार नाही.