ताराबाईंचा जिल्हा

स्वातंत्र्य आणि न्याय्य समाज यांबद्दल तरुणांना काय वाटतं, यावर बोला, असं आकाशवाणीनं मला सांगितलं. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या डोणगावात शिकवते. स्वातंत्र्यावर निबंध लिहायला सांगितला, की वह्यांमध्ये तिरंगा येतो, हुतात्म्यांची नावं येतात. ती यायलाच हवीत. पण वह्या मिटून नुसतं बोलतं केलं, की वेगळंच बाहेर पडतं. पोरी विचारतात, बारावीनंतर मेहकरला नाहीतर अकोल्याला शिकायला पाठवतील का? पोरं म्हणतात, मॅडम, शेती करणाऱ्याला आता पोरगी कोण देतं? कुणी हळूच विचारतं, पंगतीला सगळे सोबत बसतात, मग सोयरीक जातीतच का? म्हणजे ही मुलं स्वातंत्र्य घराच्या उंबऱ्यापासून मोजतात. आणि मला ते बरोबर वाटतं.

कारण आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईनं ते तसंच मोजलं होतं. ताराबाई शिंदे, बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे, डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला, सत्यशोधक विचारांचे. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली. शिक्षा पुढे कमी झाली, पण वर्तमानपत्रांनी समस्त बायकांना धारेवर धरलं. ताराबाई तेव्हा तिशीच्या आसपासच्या. त्यांनी लेखणी उचलली आणि १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात पुस्तक छापून घेतलं, 'स्त्री-पुरुष तुलना'.

त्यांचे प्रश्न बघा. बायको गेली तर नवरा लगेच दुसरी आणतो, मग नवरा गेला तर बाईनं जन्मभर तोंड लपवून का बसायचं? जे दोष बाईच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का? विधवेला फसवणारा पुरुष मोकळा कसा सुटतो? भाषा अगदी घरातली, माजघरात बोलावी तशी. रागावलेली, पण मुद्दा न सोडणारी. मी मुलांना नेहमी सांगते, असं लिहा. स्वतःच्या मनातलं, स्वतःच्या बोलीत. पंधरा ऑगस्टला गाईडमधून पाठ केलेलं भाषण ऐकलं की मला वाईट वाटतं. पुन्हा सांगते, पाठ केलेलं नको, स्वतःचं हवं.

पुस्तकावर टीका झाली. १८८५ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेत ताराबाईंची बाजू घेतली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. हेही हळूहळू विसरलं गेलं, ते १९७५ साली संशोधक स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं. नव्वदहून जास्त वर्षं! इतका काळ ते पडून राहिलं, आणि आजही आपल्या किती घरांत हे नाव माहीत आहे?

त्यांच्याही आधी, १८५५ साली, मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुलगी 'ज्ञानोदय' या नियतकालिकात एक निबंध लिहून गेली. मांग-महारांच्या दुःखाविषयी. तिनं सरळ विचारलं, वेद आमचे नाहीत, तर आमचा धर्म कोणता? आमच्या बायका बाळंत होतात, तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर का नसतं? चौदा वर्षांच्या पोरीचे प्रश्न आहेत हे. तरुणांना काय कळतं, असं म्हणणाऱ्यांनी तो निबंध जरूर वाचावा.

आता थोडं रागावते, श्रोतेहो, मोठ्यांवर आणि तरुणांवरही. समतेवर छान बोलणारा मुलगा बहिणीच्या लग्नानंतर तिला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत घेऊन जातो आणि हक्कसोड करून घेतो. ती सही करते, कारण माहेर तुटेल ही भीती. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आहे. मुलांनो, न्याय्य समाज हवा म्हणता ना? मग बहिणीचं नाव सातबाऱ्यावर राहू द्या. तुमच्या हातातलं आहे हे.

घराबाहेरचा न्याय मागायची जागा म्हणजे ग्रामसभा. अठरा पूर्ण झाले आणि मतदार यादीत नाव आलं, की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. गावात अभ्यासिका का नाही, मुलींच्या वेळेला एसटी का नाही, हे तिथं उभं राहून विचारा. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, मुलींनो, त्या सभेला आईला सोबत घेऊन जा.