सुटी आपली, खाडा कुणाचा?

दुधाचे खाडे कॅलेंडरवर मांडायची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. दूध घेतलं नाही त्या तारखेवर फुली, आणि महिनाअखेरीला तेवढे दिवस वजा. गावाला जायचं ठरलं की दूधवाल्याला सांगायचं, "आठवडाभर नको." पेपरवाल्यालाही तेच. यात कुणाचं फारसं बिघडत नाही, कारण आपण न घेतलेलं लिटरभर दूध तो पुढच्या घरी देतो. मला आज बोलायचं आहे ते त्याच कॅलेंडरवर, त्याच पेनानं मारल्या जाणाऱ्या दुसऱ्या फुल्यांबद्दल. घरातलं मूल सांभाळायला येणाऱ्या ताईंच्या फुल्यांबद्दल.

मी स्वतः चौतीस वर्षं बँकेत नोकरी केली. माझी दोन्ही मुलं अशाच एका मावशींच्या हाताखाली मोठी झाली आणि आता नातीलाही एक ताई सांभाळतात. त्यामुळे हा विषय मी दोन पिढ्या, अगदी जवळून, पाहत आले आहे.

नेहमीचं चित्र असं असतं. मूल दीड-दोन वर्षांचं. आई-बाबा दोघंही सकाळी साडेआठला बाहेर पडतात ते संध्याकाळी सहा-साडेसहाला परततात. मे महिन्यात पंधरा दिवस कोकणात किंवा केरळात जायचं ठरतं. ताईंना सांगितलं जातं, "पंधरा दिवस येऊ नका, तुम्हालाही आराम." मग एक तारखेला हातात निम्मा पगार पडतो. देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. त्याचा हिशेब सरळ असतो, काम नाही तर पैसे कसले?

हा हिशेब दुधाला लागू पडतो, ताईंना पडत नाही. धुण्याभांड्याची बाई चार-पाच घरं करते. एक घर बंद राहिलं तर तिचं नुकसान होतं, पण बाकीची घरं चालू असतात. मूल सांभाळणारीला घर एकच असतं. तिचे नऊ-दहा तास एकाच दाराआड जातात, त्यामुळे तिथला पगार थांबला की सगळंच थांबतं. आणि पंधरा दिवसांपुरतं मूल सांभाळायला तिला कोण ठेवणार? लहान मूल नव्या माणसाला रुळायलाच तेवढे दिवस लागतात.

आणखी एक गोष्ट. निघताना आपण दारात उभं राहून सांगतो, "सोळा तारखेला सकाळी नक्की या हं!" म्हणजे मधले पंधरा दिवस तिनं दुसरं काम धरू नये, आपली वाट पाहावी, अशी आपली अपेक्षा असते. मग ते दिवस तिचे मोकळे कसे म्हणायचे? ते तिनं आपल्यासाठी राखून ठेवलेले दिवस आहेत.

खर्चाला मात्र सुटी नसते. खोलीचं भाडं ठरल्या तारखेला द्यावं लागतं. भिशीचा हप्ता चुकवला तर गल्लीत पत जाते. आणि आपल्या सहलींचा महिना मे, तर तिच्या घरी वह्या-पुस्तकं, गणवेश, फी असा सगळा खर्च जूनमध्ये येतो. मेचा अर्धा पगार कापला गेला की ती कुणाकडून तरी उचल घेते आणि दिवाळीपर्यंत फेडत बसते.

आमच्याच इमारतीतल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. सहा आठवडे परदेशी जाऊन आले, पगार दिला नव्हता. मधल्या काळात ताईंनी दुसरीकडे काम धरलं, आणि त्या परत आल्या नाहीत. 'पैशापुढे माया नाही' असं बरंच बोललं गेलं. मला विचाराल तर ताईंचं काही चुकलं नव्हतं. दोन वर्षांचा मुलगा पुढे महिनाभर रोज सकाळी दाराशी जाऊन उभा राहायचा. वाचलेल्या पैशांत हा खर्च कुणी धरला नव्हता.

आपण नोकरदार माणसं हे सगळं एरवी चांगलं ओळखतो. रजेवर गेलो तरी आपला पगार चालू असतो. काही ठिकाणी तर सहलीला जायचा प्रवासखर्चही कचेरी देते! कुलूप लावून गेलो म्हणून सोसायटीचा मेंटेनन्स कमी होत नाही. शाळेच्या व्हॅनचे काका सुटीतलेही पैसे मागतात आणि आपण कुरकुरत का होईना देतो. हात आखडतो तो नेमका इथे.

कायद्याचं पाहू. मोलकरणींचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. पुण्यात १९८० मध्ये त्यांनी संप केला होता आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. २००८ मध्ये राज्यानं घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. पण तो नोंदणीचा आणि कल्याण योजनांचा कायदा आहे, मालक गावाला गेला तर पगाराचं काय, हे त्यात नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०११ मध्ये घरकामगारांसाठी करार केला. घरच्यांच्या हाकेसाठी अडकून राहावं लागतं तो वेळही कामाचाच धरावा, असं त्यात म्हटलं आहे. भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं, पण तो लागू केलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमण्यास केंद्राला सांगितलं. तो कायदा येईल तेव्हा येईल. तोवर हा व्यवहार दोन घरांमधला आहे.

आता दुसरी बाजू. "त्याही न सांगता खाडे करतात, जत्रेला गेल्या की आठ दिवस पत्ता नसतो," ही तक्रार मी शेकडो वेळा ऐकली आहे, आणि ती खोटी नाही. पण तो हिशेब वेगळा मांडावा. तिनं घेतलेली रजा तिची, आपण दिलेली सुटी आपली. महिन्याला दोन रजा पगारी, त्यापुढची कापणार, असं पहिल्याच दिवशी ठरवलं तर भांडण निम्म्यानं कमी होतं. आमच्या घरी हे एका साध्या वहीत लिहून ठेवलं आहे.

सगळ्यांचीच ऐपत सारखी नसते, हेही खरं. मूल सांभाळायला बाई ठेवणारी आई स्वतः कंत्राटी नर्स असू शकते. माझं मत असं, की महिन्याभरापर्यंतच्या सुटीचा पगार पूर्ण द्यावा. त्याहून लांब जायचं असेल तर दोन महिने आधी सांगावं, निदान अर्धा पगार चालू ठेवावा आणि त्या दिवसांत दुसरं काम करायची मोकळीक द्यावी. अर्धे पैसे देऊन पूर्ण वाट पाहायला लावू नये.

पगार देतो म्हणून मागे "माळे झाडून घ्या, डबे घासून ठेवा" अशी यादी ठेवणारेही असतात. कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं तर समजू शकते. पण मूल सांभाळायला ठेवलेल्या बाईकडून त्या पगारात घराची साफसफाई वसूल करणं मला पटत नाही. परत आल्यावर "ते दिवस रविवारी भरून द्या" म्हणणं तर त्याहून नाही.

आणि ताईंना सहलीला बरोबर नेलं, तर ती त्यांची सुटी नव्हे. महाबळेश्वरला पॉइंट आपण पाहतो, त्या मुलाच्या मागे वाटी-चमचा घेऊन फिरत असतात. रात्री मूल उठलं की त्याच उठतात. २०११ च्या त्या कराराबरोबरच्या शिफारशीतही असे दिवस पगारी रजेत धरू नयेत, असं म्हटलं आहे. असे दिवस कामाचे धरावेत, रात्रीचे वेगळे पैसे द्यावेत आणि घरी परतल्यावर दोन दिवस खरी सुटी द्यावी.

पैसे देण्याच्या वेळेबद्दल एक सांगते. "आल्यावर देतो" म्हणून निघू नये. आपण विसाव्या तारखेला परतणार आणि तिचा घरमालक पाच तारखेला दार वाजवणार. आमच्याकडे बॅगा भरायच्या आदल्या दिवशीच पाकीट देतात.