ठोकळ्यांच्या गावाचं दप्तर

आज एका खेळाबद्दल बोलायचं आहे, पण तो कसा खेळावा हे सांगायला मी आलेलो नाही. खेळ बंद केला की त्यातलं गाव जातं कुठं, आणि ते गाव जपून ठेवणारी लिखापढी बदलायची वेळ आली तर काय करावं, हा आजचा विषय. विषय कॉम्प्युटरचा आहे खरा, पण ज्यांच्या घरात सातबारा आहे त्यांना तो फार परका वाटू नये.

ठोकळ्यांचे हे खेळ तुमच्या घरातल्या पोरांना ठाऊक असतीलच. माती, दगड, लाकूड, पाणी, सगळं चौकोनी ठोकळ्यांचं. खणायचं, रचायचं, घर बांधायचं. यातला सगळ्यात गाजलेला माइनक्राफ्ट. स्वीडनच्या मार्कुस पेर्सन यांनी तो २००९ मध्ये लोकांपुढे आणला आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलर मोजून घेतली. त्याच जातीचा दुसरा एक खेळ फिनलंडच्या पेर्तू आहोला यांनी २०१० मध्ये सुरू केला. त्याचं नाव होतं माइनटेस्ट. २०२४ पासून त्याला लुआंटी म्हणतात. हा फुकट आहे, त्याचा सगळा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, आणि तो जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो. आपल्याकडच्या पोरांना हा शेवटचा गुण जास्त कामाचा.

अनेकांनी मिळून खेळायचं तर एक कॉम्प्युटर यजमान करावा लागतो. त्याला सर्व्हर म्हणतात. सगळं गाव त्याच्यापाशी असतं, बाकीचे पाहुणे. गाव मोठं असतं, म्हणून त्याचे तुकडे पाडलेले असतात. लुआंटीमध्ये एक तुकडा म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी सोळा ठोकळे, म्हणजे ४०९६ ठोकळे.

आता खरी गोष्ट. खेळ चालू असताना हे गाव कॉम्प्युटरच्या आठवणीत उभं असतं, पसरलेलं असतं. डिस्कवर मात्र ते उभं ठेवता येत नाही. तिथं फक्त आकड्यांची एक लांबच लांब रांग लिहिता येते. सागवानी वाडा उतरवताना सुतार काय करतो? प्रत्येक खांबाला, तुळईला, कडीपाटाच्या फळीला खूण करतो, आकडा टाकतो, आणि मगच लाकूड गाडीत भरतो. दुसऱ्या गावी त्याच आकड्यांनी वाडा पुन्हा उभा राहतो. खूण चुकली तर तुळई खांबावर बसत नाही. उभ्या गावाची अशी खुणेनिशी रांग करण्याला सिरियलायझेशन म्हणतात. शब्द जड आहे, काम सुताराचंच आहे.

रांग कोणत्या टोकाकडून लावायची, हेही आधी ठरवावं लागतं. आपण मराठीत ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी येतात आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी, पाच नंतर. आपल्याला सवय आहे म्हणून घोटाळा होत नाही. कॉम्प्युटरचा होतो. २५५ पेक्षा मोठा आकडा एका खान्यात मावत नाही, त्याला दोन खाने लागतात. २५८ लिहायचे तर एका खान्यात १ आणि दुसऱ्यात २. लिहिणाऱ्याने मोठा भाग आधी लिहिला आणि वाचणाऱ्याने धाकटा आधी धरला, की त्याच २५८ चे ५१३ होतात. ही काही कल्पनेतली अडचण नाही. माइनक्राफ्टची कॉम्प्युटरवरची जुनी आवृत्ती आणि मोबाईलवरची आवृत्ती, दोघींची नोंद ठेवायची पद्धत एकच, पण खान्यांचा क्रम उलटा.

लुआंटीची मांडणी मला आवडते. प्रत्येक ठोकळ्याबद्दल तीन गोष्टी लिहायच्या असतात: तो कशाचा आहे, त्याच्यावर उजेड किती, त्याचं तोंड कुणीकडे. पण एकेका ठोकळ्याची तिन्ही माहिती एकत्र लिहीत नाहीत. आधी सगळ्या ४०९६ ठोकळ्यांचे प्रकार लिहितात, मग सगळ्यांचा उजेड, मग सगळ्यांच्या दिशा. कारण जमिनीखाली दगडच दगड असतो. सारखा माल शेजारीशेजारी आला की तो दाबून बसतो, प्रेसमध्ये कापसाची गाठ बसते तसा. रांगेच्या अगदी सुरुवातीला मात्र एक आकडा असतो, आणि तो फार मोलाचा. हा तुकडा कोणत्या नमुन्यात लिहिला आहे, ते तो सांगतो. २०२२ मध्ये २९ क्रमांकाचा नमुना आला आणि त्यात दाबण्याची रीतच बदलली. तरी जुन्या नमुन्यातले तुकडे उघडतातच, कारण आधी आकडा वाचायचा आणि मग त्या नमुन्याच्या नियमाने पुढचं वाचायचं, असा शिरस्ता आहे.

माइनक्राफ्टवाल्यांना हा धडा जरा महागात शिकावा लागला. त्यांनी सुरुवातीला प्रत्येक प्रकाराला नंबर दिला होता. दगड १, माती ३, लोकर ३५, आणि लोकरीचा रंग दुसऱ्या आकड्यात. एका खान्यात २५६ प्रकारच मावतात. खेळ वाढला, प्रकार वाढले, नंबर पुरेनात. शेवटी २०१८ मध्ये त्यांनी नंबर मोडीत काढून प्रत्येक प्रकाराला पूर्ण नाव दिलं. जगभरच्या पोरांनी आठ-नऊ वर्षांत उभी केलेली गावं जुन्या नंबरांवर उभी होती. ती सगळी नव्या नावांवर आणायची, एकही भिंत न पाडता! यासाठी त्यांना वेगळी यंत्रणाच लिहावी लागली.

आता आपल्या अमरावतीत येतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या काही पोरापोरींनी लुआंटीवर तीन वर्षं खपून एक गाव उभं केलं आहे. कुणी अमरावतीचं, कुणी अकोल्याचं, अकोटचं, परतवाड्याचं. गावात दोनशेच्या वर जागा आहेत: वाडे, मळे, विहिरी. कोणती जागा कुणाची, याचं दप्तर ठेवणारा छोटा प्रोग्राम त्यांनी स्वतःच लिहिला. जागेची नोंद म्हणजे एक ओळ: मालकाचं नाव, त्याचं गाव, वर्णन, लांबी, रुंदी, आणि मध्ये स्वल्पविराम. गावाच्या नावाला वीस खाने.

मागच्या उन्हाळ्यात तक्रार आली. ‘सर, अकोला बराबर येते, अकोट बराबर येते, अमरावतीच काहून तुटून रायली?’ पडद्यावर ‘अमरावत’ आणि पुढे एक प्रश्नचिन्हाचा चौकोन. कारण मोठं गमतीचं. रोमन लिपीत एका अक्षराला एक खाना पुरतो. देवनागरीत प्रत्येक अक्षरखुणेला तीन खाने लागतात, आणि काना-वेलांटी वेगळी मोजतात. अकोला म्हणजे अ, क, ओकार, ल, काना, अशा पाच खुणा, पंधरा खाने. अमरावती सात खुणा, एकवीस खाने. एका खान्यासाठी शेवटची वेलांटी कापली गेली! परतवाड्याचंही तेच, तिथं शेवटचा काना गेला.

दुसरी भानगड स्वल्पविरामाची. एकाने वर्णनात हौसेनं लिहिलं, ‘विहीर, गोठा अन् घर’. प्रोग्रामला वाटलं, वर्णन ‘विहीर’ इथं संपलं. आणि ‘गोठा अन् घर’ ही त्या जागेची लांबी झाली.

पोरांनी ठरवलं की ही लिखापढी आतून नव्यानं लिहायची. खेळणाऱ्याला बाहेरून काही फरक दिसू नये, आतली घडी मात्र सुधारावी, याला रिफॅक्टरिंग म्हणतात. मार्टिन फाउलर यांचं या नावाचं पुस्तक १९९९ मध्ये आलं आणि शब्द रूढ झाला. नवा नमुना ठरवणं सोपं होतं. प्रत्येक नावाआधी त्याची लांबी लिहायची, म्हणजे वीस खान्यांची अटही नको आणि स्वल्पविरामाची भीतीही नको. ओळीच्या सुरुवातीला नमुन्याचा क्रमांक. हे एका दुपारचं काम. पण जुन्या दोनशे नोंदी नव्यात आणताना एखाद्याचा मळा दुसऱ्याच्या नावावर गेला तर? पोरांच्या दृष्टीनं तो खेळ नाही. त्यावरून एकदा भांडण होऊन बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे.

तेव्हा मी त्यांना सातबाऱ्याची गोष्ट सांगितली. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा, हे आपण जाणतोच. हातानं लिहिलेले हे कागद कॉम्प्युटरमध्ये आले, ते सगळे कुणीतरी बसून भरले. मोठ्या अक्षराचा, फाटक्या कोपऱ्याचा, खाडाखोडीचा कागद वाचून भरले. त्याच्या आधी एकर-गुंठ्याचं हेक्टर-आर झालं होतं. बोलताना आपण गुंठा आणि आर एकच धरतो. पण एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, आणि तेच ४०.४७ आर. कुणी चाळीसचे चाळीस लिहिले तर एकरामागे ४७ चौरस मीटर जमीन कागदावरून नाहीशी. शेतात ती तिथंच असते. भांडण बांधावर होतं.

मग सरकारनं २०१७ मध्ये काय केलं? चावडी वाचन. गावोगाव लोकांना बोलावून संगणकातला सातबारा वाचून दाखवायचा, आणि ज्याचं शेत त्यानं म्हणायचं, बरोबर आहे किंवा नाही. मला ही कल्पना कोणत्याही पुस्तकातल्या तपासणीपेक्षा पक्की वाटते. कॉम्प्युटरवाले जी तपासणी करतात ती अशी: जुनं वाचा, नव्या नमुन्यात लिहा, तेच परत वाचा आणि दोन्ही जुळतात का पाहा. ही हवीच. पण त्यातून एवढंच कळतं की नक्कल मुळाबरहुकूम झाली. मुळातच ‘अमरावत’ लिहिलेलं असेल तर नक्कलही ‘अमरावत’च निघेल, आणि तपासणी म्हणेल, छान जुळलं! कापलेली वेलांटी यंत्राला माहीत नाही. ती माहीत आहे फक्त अमरावतीच्या माणसाला.

पोरांनी दोन्ही केलं. आधी सगळ्या गावाची प्रत काढून ठेवली. त्याशिवाय मी हात लावू दिला नसता. मग प्रतीवर यंत्राची तपासणी. त्यात तीन-चार नोंदी अडकल्या, सगळ्या स्वल्पविरामाच्या. मग रविवारी सगळ्यांना बसवून चावडी. एकीनं नोंद वाचायची, मालकानं होकार द्यायचा. तुटलेली नावं तिथंच दुरुस्त झाली. शिवाय एक असं निघालं, की एका विहिरीवर दोघांचा हक्क होता आणि दप्तरात मालकाचा रकाना एकच. तोंडी व्यवहार होता, तीन वर्षं चालला होता. नव्या नमुन्यात मालकांची यादी करावी लागली. हे कोड वाचून कधीच कळलं नसतं.

पुढचा प्रश्न, सगळं एका रात्रीत बदलायचं की हळूहळू? अकोला-अकोट मार्गाचं रुंदीकरण झालं तेव्हा गाडी काही वर्षं बंदच होती, आणि त्या काळात लोकांनी काय सोसलं ते अकोटकरांना विचारा. लोखंडी रुळांना दुसरा इलाज नसेल, दप्तराला आहे. लुआंटी स्वतः तेच करतो. जुना तुकडा जुन्या नियमानं वाचतो, आणि त्यात काही बदल होऊन तो पुन्हा लिहायची वेळ आली, की नव्या नमुन्यात लिहितो. पोरांनी तीच रीत घेतली. खेळ एक दिवसही बंद राहिला नाही. मध्ये वादळात वीज गेली तेव्हा धास्ती वाटली, पण लुआंटीचं दप्तर ज्या एसक्यूलाइटमध्ये असतं ते जुनं पान आधी बाजूला उतरवून ठेवतं आणि मगच मूळ पानाला हात लावतं. अर्धवट लिहिलेलं पान वीज आल्यावर जुन्यावरून सावरलं जातं.

या रीतीची एक अट आहे. जुनं वाचणारा भाग कोडमधून काढायचा नाही. आमच्यातल्या एका हुशार मुलाला तो अडगळ वाटत होता; ‘सर, एवढा कचरा काहून ठेवायचा?’ त्याला मी म्हटलं, २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा राज्यभर मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. कागद होते, लिपी होती, वाचणारे मोजके. तो भाग राहिला. चाळीसएक ओळींचा आहे, कुणाच्या अंगावर येत नाही.

आज त्या गावातल्या बहुतेक नोंदींवर २ हा आकडा आहे. एक मुलगा शिकायला पुण्याला गेला. त्याच्या वाड्याला वर्षभरात कुणी हात लावलेला नाही. त्याची नोंद अजून १ नमुन्यातच आहे, वीस खान्यांची, स्वल्पविरामांची. चावडीच्या दिवशी तो फोनवर होता आणि आपली नोंद ऐकून ‘बरोबर’ म्हणाला. दिवाळीत येईन आणि गच्ची वाढवीन, असंही म्हणाला. पहिला ठोकळा ठेवला, की तीही बदलेल.